साहेब ‘बघू’ म्हणाले

राहुरी तालुक्यातला एक रोजंदारी मजूर डोळ्यांसमोर आणा. सरकारी प्रक्षेत्रावर सात-आठ वर्षं काम केलेला. पाणी धरायचं, खुरपणी करायची, बियाण्याची पोती लावायची, सायंकाळी मस्टरवर अंगठा किंवा सही. एका जूनमध्ये कारकून त्याला बाजूला घेऊन सांगतो, “अण्णा, उद्यापासनं तुमचं नाव मस्टरवर नाही. वरून आलंय.” कागद नाही, नोटीस नाही. मजूर दुसऱ्या दिवशी साहेबांना भेटतो. साहेब म्हणतात, “अर्ज द्या, बघू.” तो अर्ज देतो. दिवाळीनंतर दुसरा देतो. आमदारांच्या जनता दरबारात तिसरा. दोन वर्षांनी नगरच्या न्यायालयाबाहेर एका वकिलासमोर तो कागदांची पिशवी उघडतो, तेव्हा वकील कागद वाचण्याआधीच विचारतात, “कमी केलं ती तारीख कोणती?”

मजुराला हा प्रश्न जिव्हारी लागतो. त्याच्या मनात अन्यायाची गोष्ट आहे आणि वकील विचारतायत तारीख. पण नोकरीच्या कायद्यात अन्याय झाला की नाही हा दुसरा प्रश्न आहे. योग्य दारात, मुदतीत आलात का, हा पहिला. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसरा अनेकदा विचारलाच जात नाही.

मुदत कशासाठी? साक्षीदार बदलून जातात, मस्टर वाळवी खाते, रिकाम्या जागेवर दुसऱ्या कुणाची तरी चूल पेटलेली असते. वीस वर्षांपूर्वीचा वाद उकरला तर खरं-खोटं करणं कुणालाच जमत नाही. म्हणून जगभर नोकरीच्या दाव्यांच्या मुदती दिवाणी दाव्यांपेक्षा आखूड असतात. जर्मनीत नोटीस मिळाल्यापासून तीन आठवडे, ऑस्ट्रेलियात 21 दिवस, न्यूझीलंडमध्ये 90 दिवस, फ्रान्समध्ये एक वर्ष. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं तीन महिने होती. ती सहा महिने करण्याची तरतूद तिथल्या 2025 च्या कायद्यात झाली. या देशांत एक गोष्ट मात्र सोपी आहे: दार साधारण ठरलेलं असतं. आपल्याकडे नोकरी देणारा ‘सरकारी’ म्हटला तरी दारं अनेक, आणि प्रत्येक दाराचं घड्याळ वेगळं.

मालक कोण, यावर दिवस ठरतात

अहमदनगर, म्हणजे 2024 पासून अधिकृतपणे अहिल्यानगर, हा चौदा तालुक्यांचा जिल्हा. इथे सार्वजनिक मालक किती प्रकारचे आहेत पाहा. एसटी महामंडळ आहे. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी धावली ती नगर-पुणे याच मार्गावर. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, 1968 सालचं. मुळा आणि भंडारदरा धरणांमुळे पाटबंधारे खात्याचा पसारा आहे. वनखातं आहे. जिल्हा परिषद आणि तिच्या शाळा आहेत. तहसील, पोलीस, सार्वजनिक बांधकाम अशी राज्य सरकारची खाती आहेत. शिवाय नगर शहरात लष्कराचं चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आणि वाहन संशोधनाची केंद्रीय संस्था असल्यानं केंद्र सरकारचे मुलकी कर्मचारीही बरेच. एकाच गल्लीतल्या चार शेजाऱ्यांना एकाच दिवशी कामावरून काढलं, तरी चौघांची मुदत चार वेगळ्या दिवशी संपू शकते.

नव्वद दिवसांचं दार

एसटीचा वाहक-चालक, विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचा मजूर, धरणावरचा किंवा वनखात्याचा रोजंदारीवाला यांच्यासाठी सगळ्यात जवळचं दार म्हणजे नगरचं कामगार न्यायालय. किल्ली आहे 1971 चा महाराष्ट्राचा कायदा: कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा. तो प्रत्यक्ष लागू झाला 8 सप्टेंबर 1975 ला. लांबलचक नावामुळे न्यायालयाच्या आवारात त्याला ‘यूएलपी’ एवढंच म्हणतात, आणि तक्रार करण्याला ‘यूएलपी टाकणं’.

या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिलीच बाब बडतर्फीबद्दल आहे. सूड म्हणून काढणं, खोट्या आरोपावरून काढणं, चौकशीत न्यायाची साधी तत्त्वंही न पाळता काढणं, क्षुल्लक चुकीला बडतर्फीची शिक्षा देणं, हे सगळं त्यात येतं. आणि कलम 28 सांगतं की अशी तक्रार घटना घडल्यापासून 90 दिवसांत करायची. संघटनेनंच करायला हवी असं नाही, कामगार एकटाही करू शकतो.

नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. 3 जूनला काढलं असेल, तर तो दिवस सोडून मोजायचं. जूनचे 27, जुलैचे 31, ऑगस्टचे 31 मिळून 89 झाले. नव्वदावा दिवस 1 सप्टेंबर. ‘तीन महिने आहेत ना’ म्हणून 3 सप्टेंबरला येणारा दोन दिवस उशिरा आलेला असतो. शेवटचा दिवस सुटीचा असेल तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, पण सुटीच्या भरवशावर कुणी राहू नये.

नव्वद उलटले तरी दार कायमचं बंद होत नाही. ‘चांगलं आणि पुरेसं कारण’ दाखवलं तर न्यायालय उशीर माफ करू शकतं. मात्र त्यासाठी तक्रारीबरोबर विलंब माफीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि कारणाला कागदाचा आधार लागतो. दवाखान्याची कागदपत्रं, आदेश उशिरा मिळाल्याचं टपालाचं पाकीट, असं काहीतरी. ‘कायदा माहीत नव्हता’ हे कारण फारसं चालत नाही. ‘साहेब बघू म्हणाले’ हे तर त्याहून कमी.

या दाराचा उंबरठाही नीट बघावा लागतो. तुम्ही कामगार आणि ते मालक, हे नातंच समोरचा नाकारत असेल, तर यूएलपीच्या तक्रारीत ते ठरवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये सिप्ला कंपनीच्या प्रकरणात सांगितलं. ठेकेदारामार्फत सरकारी कार्यालयात झाडलोट किंवा संगणकावर काम करणाऱ्यांना हा निकाल अनेकदा आडवा येतो. त्यांना दुसरा रस्ता धरावा लागतो.

लांबचा रस्ता

तो दुसरा रस्ता म्हणजे समेट अधिकाऱ्याचा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार आधी कामगार खात्याकडे जायचा, तिथे समझोता झाला नाही तर सरकार प्रकरण न्यायालयाकडे पाठवायचं. सरकारनं पाठवायचं ते ‘कधीही’, असे शब्द होते. 2010 च्या दुरुस्तीनं कामगाराला थेट न्यायालयात जाता येऊ लागलं: समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर 45 दिवस थांबायचं आणि मग, काढल्यापासून तीन वर्षांच्या आत, दाद मागायची.

हे चित्र आता बदललं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशभर औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि 1947 चा कायदा रद्द झाला. नव्या संहितेत वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षं उलटली की समेट अधिकाऱ्याला कार्यवाहीच करता येत नाही, आणि समेट फसल्याचा अहवाल हातात आल्यापासून 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. संहितेनं रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांच्या यादीत महाराष्ट्राचा 1971 चा कायदा नाही. थोडक्यात, तीन वर्षांचा जुना हिशेब मनात धरून बसलेल्यांनी तो पुसून टाकावा.

सरकारी शिक्क्याची नोकरी

तलाठी, मंत्रालयीन लिपिक, बांधकाम खात्याचा कनिष्ठ अभियंता यांची वाट निराळी. राज्यघटनेच्या कलम 311 नं त्यांना चौकशीशिवाय बडतर्फ होण्यापासून संरक्षण दिलं आहे. त्यांनी जायचं ते महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘मॅट’कडे. मॅट 1991 मध्ये सुरू झालं. मुख्य पीठ मुंबईला, खंडपीठं नागपूर आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. नगर जिल्हा महसुलाच्या दृष्टीनं नाशिक विभागात असला, तरी इथली प्रकरणं छत्रपती संभाजीनगरला चालतात. उच्च न्यायालयाचं खंडपीठही तेच.

इथे घड्याळाला तीन काटे आहेत. पहिला, खात्यातलं अपील: 1979 च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे आदेश मिळाल्यापासून 45 दिवस. हे पाऊल टाळून थेट मॅटमध्ये गेलं की बहुतेक वेळा ‘आधी अपील करा’ असं ऐकावं लागतं. दुसरा काटा सहा महिन्यांचा: अपिलावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर वाट पाहणं संपलं असं कायदा मानतो. तिसरा काटा एक वर्षाचा: अपिलाचा निकाल लागला तर त्या दिवसापासून, नाही लागला तर ते सहा महिने संपल्यापासून एका वर्षात मॅटमध्ये अर्ज. 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याची कलमं 20 आणि 21 हे सांगतात. लष्करी आस्थापनांतल्या मुलकी कर्मचाऱ्यांना आणि टपाल खात्याला हेच गणित लागू, फक्त दार केंद्रीय न्यायाधिकरणाचं.

सगळ्यात जास्त माणसं अडखळतात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या काट्याच्या मध्ये. अपील प्रलंबित आहे म्हणून ती निवांत असतात. सहा महिने जातात, वर तेरावा, सतरावा महिना जातो, आणि अठराव्या महिन्याच्या शेवटी घड्याळ गुपचूप थांबतं. खात्यानं उत्तर दिलं नाही म्हणजे प्रकरण जिवंत आहे, हा समज खोटा आहे. गप्प राहणं हेही कायद्याच्या लेखी उत्तरच.

जिल्हा परिषदेचे ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्य कर्मचारी यांना मात्र मॅटचं दार नाही. त्यांचं अपील विभागीय आयुक्तांकडे नाशिकला आणि पुढची रिट याचिका उच्च न्यायालयात. रिट याचिकेला दिवसांची ठरलेली मुदत नाही, पण ‘एवढे दिवस कुठे होतात?’ हा प्रश्न न्यायमूर्ती पहिल्याच तारखेला विचारू शकतात, आणि समाधानकारक उत्तर नसेल तर याचिका तिथेच संपते.

अनुदानित खासगी शाळांमध्ये पगार सरकार देतं, पण मालक संस्था असते. तिथल्या शिक्षकाला 1977 च्या कायद्यानं शाळा न्यायाधिकरण दिलं आहे आणि मुदत फक्त 30 दिवस. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनाही 2016 च्या विद्यापीठ कायद्याखालच्या न्यायाधिकरणात 30 दिवसांतच अपील करायचं असतं. नगर जिल्ह्यात शिक्षणसंस्थांचं जाळं मोठं आहे, म्हणून हा आकडा घराघरात पाठ असायला हवा. बडतर्फीचं पत्र मेच्या सुटीत मिळालं, तर शाळा उघडेपर्यंत मुदत संपलेली असू शकते.

अर्जानं घड्याळ थांबत नाही

आता आपल्या मजुराच्या पिशवीकडे परत येऊ. तीन अर्ज, तिन्हींवर आवक क्रमांक. त्याला वाटतं, प्रत्येक अर्जानं हिशेब नव्यानं सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं 1989 मध्ये, एस. एस. राठोर यांच्या प्रकरणात, हा गैरसमज स्पष्ट शब्दांत मोडून काढला. नियमात सांगितलेलं अपील केलं तर त्याच्या निकालापासून मुदत मोजायची. पण नियमात नसलेल्या विनंत्या कितीही केल्या तरी मुदत वाढत नाही. 2008 मध्ये सी. जेकब यांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. वर्षानुवर्षं झोपलेल्या माणसानं अर्ज द्यायचा, त्यावर ‘विचार करा’ असा आदेश मिळवायचा, आणि नकार आला की त्या तारखेपासून नवी मुदत मागायची, ही युक्ती चालणार नाही, असं त्या निकालात सांगितलं.

‘आदेशच बेकायदेशीर होता, मग त्याला मुदत कसली?’ असाही एक युक्तिवाद असतो. पंजाब सरकार विरुद्ध गुरदेव सिंग या 1991 च्या निकालानं तोही निकालात काढला. आदेश रद्दबातल असला, तरी तो तसा आहे हे न्यायालयाकडून वदवून घ्यावं लागतं, आणि ते मुदतीतच.

मग काही वाद दहा-पंधरा वर्षांनीही कसे चालतात? कारण काही अन्याय एका दिवशी संपत नाहीत, ते रोज नव्यानं होतात. वर्षानुवर्षं ‘तात्पुरता’ म्हणूनच राबवून घेणं, कायमपणाचे लाभ न देणं, हे असं चालू राहणारं नुकसान. नगर जिल्ह्याच्या दोन गोष्टी इथे उपयोगी पडतात. पुणे आणि अहमदनगर भागातल्या वनखात्याच्या मजुरांनी अशीच तक्रार केली होती. वनखातं हा ‘उद्योग’च नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मजुरांच्या बाजूनं सुटलं. जगन्नाथ मारुती कोंढरे या नावानं ते आजही उद्धृत होतं. राहुरीच्या विद्यापीठाच्या रोजंदारी मजुरांचं नशीब उलटं निघालं. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सरकारनं पदंच मंजूर केलेली नाहीत, तर कायम न केल्याबद्दल विद्यापीठाला दोषी धरता येत नाही.

दोन्ही वादांत मुदतीनं मजुरांना अडवलं नाही, कारण वाद ‘कायम करा’चा होता. बडतर्फीचं तसं नाही. ती एका दिवशी घडते आणि पूर्ण होते. कामावर असताना दहा वर्षं गप्प राहिलात तरी कायमपणाचा हक्क मागता येतो. कामावरून काढल्यावर मात्र नव्वद दिवसही मोठे असतात. बऱ्याच जणांना हा फरक उमगत नाही आणि शेजारच्याच्या दहा वर्षं जुन्या यशस्वी दाव्याकडे बोट दाखवत ते स्वतःचे दिवस घालवतात.

घड्याळ एकदाच थांबलं होतं

अलीकडच्या काळात एकदा मात्र सगळ्या देशाचं घड्याळ थांबलं. करोनामुळे सर्वोच्च न्यायालयानं 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला आणि त्या काळात मुदत संपलेल्यांना 1 मार्च 2022 पासून 90 दिवस दिले. नेमक्या त्याच काळात, 2021 च्या दिवाळीच्या आसपास, एसटीचा संप सुरू झाला. राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी होती. संप एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला आणि हजारो कर्मचारी निलंबित, बडतर्फ झाले.

जानेवारी 2022 मध्ये बडतर्फीचं पत्र मिळालेल्या वाहकाचे नव्वद दिवस एरवी एप्रिलमध्येच संपले असते. त्या आदेशामुळे त्याचा हिशेब फेब्रुवारीअखेरपर्यंत गोठला. पुढे एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं 22 एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितलं आणि परतणाऱ्यांना कामावर घेतलं जाईल हे पाहिलं. बहुसंख्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. पण महामारीनं मिळालेली ती सवलत होती. पुढच्या संपात ती असेल असं धरून चालू नये.

उशीर झालाच तर

उशिराची किंमत दोन निकाल शेजारी ठेवले की कळते. पंजाबमधल्या सरहिंद सहकारी संस्थेच्या अजैब सिंग यांना 1974 मध्ये काढलं. त्यांनी वाद उभा केला सात वर्षांनी. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना नोकरी परत दिली, पण ते गप्प होते त्या वर्षांचा पगार दिला नाही. कर्नाटकच्या रेशीम खात्यातले प्रभाकर चौदा वर्षांनी आले. 2015 मध्ये न्यायालय म्हणालं, एवढ्या काळानं वाद उरलेलाच नाही. त्यांना काहीच मिळालं नाही. दोन्ही प्रकरणं जुन्या ‘कधीही’च्या काळातली. तेव्हाही उशिरा येणाऱ्याला फार तर अर्धी भाकरी मिळायची, नाहीतर रिकामं ताट.

एक सवलत मात्र लक्षात ठेवावी. चुकीच्या दारात, पण प्रामाणिकपणे, मुदतीत गेला असाल, तर तिथे गेलेला वेळ वगळून मागता येतो. मुदत कायद्याच्या कलम 14 चं तत्त्व तेच सांगतं. दार चुकलं म्हणून खचू नये. दारच ठोठावलं नाही, त्याला मात्र हे कलम उपयोगी नाही.

म्हणून कामावरून काढल्याच्या दिवशी करायची कामं ठरलेली आहेत. पत्र मिळालं तर पाकीट फेकू नका; टपालाच्या शिक्क्यावरची तारीख हाच तुमचा पहिला पुरावा. तोंडी सांगितलं असेल, तर त्याच आठवड्यात ‘अमुक तारखेपासून मला काम नाकारलं’ असं पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, मस्टरच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो एका पिशवीत ठेवा. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिसाव्या, पंचेचाळिसाव्या आणि नव्वदाव्या दिवसाभोवती गोल करा. तुमचं दार कोणतं हे अजून कळलं नसेल, तर तिसावा दिवसच शेवटचा समजा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असलेल्यांना, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो.

साहेबांना अर्ज जरूर द्या. कधीकधी त्यांनाही चूक कळते आणि प्रकरण तिथेच मिटतं. फक्त साहेब ‘बघू’ म्हणाले, की घरी येऊन कॅलेंडर बघा.